रिंगणात शिरलेली विहीण

माझ्या लेकीचं, एव्हिसचं, लग्न ठरलं ते १९६३ साल. आमच्या मंडळात तेव्हा सात माणसं होती, आणि जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवसाची पूजा माझ्याच घरी करायची, हे मीच छातीठोकपणे जाहीर केलं.

"जंगलात आपल्या नेहमीच्या जागी लंडनचे सहलकरी डबे उघडून बसलेत," मी म्हटलं. "माझ्याकडे या, भर दुपारी. नवरा कामावर असतो, पडदे जाड आहेत. चिटपाखरूसुद्धा यायचं नाही."

चेटूक करणं हा आता गुन्हा राहिला नव्हता. जुना कायदा सरकारने काढून टाकला, त्याला बारा वर्षं झाली होती. पण सरकारला चालतं ते विहिणीला चालेलच असं नाही. एव्हिसची होणारी सासू, मिसेस पेनफोल्ड, चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष. सुनेची आई विका या निसर्गपूजक पंथातली चेटकीण आहे हे तिला कळतं, तर लग्न त्याच दिवशी मोडलं असतं.

एव्हिसने बजावलं होतं, "आई, अख्ख्या हॅम्पशरमध्ये मला एकच मुलगा आवडलाय. तुझ्या पूजेपायी तो घालवू नकोस."

आमची रीत अशी, की अंगावरचे सगळे कपडे उतरवायचे आणि मग मुख्य पुजारणीने काळ्या मुठीच्या सुऱ्याने रिंगण आखायचं. त्यातून मध्येच बाहेर पडायचं झालं, तर तिने सुऱ्याने हवेत दार कापायचं आणि लगेच मिटवायचं. दार न कापता कोणी बाहेर पडलं, तर सगळी पूजा वाया. आमच्या पुजारीण डोर्कासबाई. वय अठ्ठ्याहत्तर, हाताला संधिवात.

आम्ही सातजण सोललेल्या कोंबड्यांसारखे मेणबत्तीभोवती उभे होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "विहीणबाई, आहात का? केकचं बोलायला आले होते."

आमच्या गावात मागच्या दाराला कडी लावायची पद्धत नाही.

"डोर्कासबाई, दार कापा," मी कुजबुजले. "गाउन चढवून तिला तिथूनच वाटेला लावते."

"घाई केली की दार वाकडं होतं."

त्या निवांत कापायला लागल्या. खालून वर, मग आडवं, मग वरून खाली, भिंतीला चुना लावावा तसं. आणि चार दिशांतून त्यांनी निवडली स्वयंपाकघराची. दार कापून पूर्ण झालं, आणि टोपी, हातमोजे, पर्स अशा थाटात मिसेस पेनफोल्ड त्यातून थेट आत आली. डोर्कासबाईंनी सवयीने दार मिटवून टाकलं.

आमच्यातला बॅझिल, निवृत्त पोस्टमन, छताकडे बघायला लागला.

"विहीणबाई, ही काय तऱ्हा?"

"आमचं ऊन खायचं मंडळ आहे," मी म्हणाले.

"पडदे लावून?"

"ऊन जरा कडक आहे ना."

ती परत फिरली, तशी डोर्कासबाईंनी सुरा आडवा धरला, पण अगदी अदबीने. "थांबा बाई. मी मिटवलंय. दार परत कापायचं तर दहा मिनिटं जातील, माझा खांदा बघताय ना? आणि आतच राहणार असाल, तर टोपी तेवढी काढा."

"नुसती टोपी?"

"सुरुवात टोपीपासून करा."

मी डोळे मिटून घेतले. एव्हिसला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. मग पर्स खुर्चीवर ठेवल्याचा आवाज आला. पाठोपाठ हातमोजे.

"कुठून वारा येत नाही ना?" मिसेस पेनफोल्ड म्हणाली. "माझी पाठ लगेच धरते."

पूजेनंतर तिने वाइन घेतली, मधाच्या तीन वड्या खाल्ल्या आणि म्हणाली, "वीस वर्षं चर्चमध्ये चहा ओततेय मी. इतक्या वर्षांत 'बाई, थांबा' म्हणून मला कोणी अडवलं नाही हो."

सप्टेंबरात लग्न चर्चमध्ये झालं. तयार झालेल्या माणसाने वेगळं मंडळ काढायचं, ही आमच्याकडची रीतच. मिसेस पेनफोल्ड आमच्याकडे दीक्षा घेऊन तीन वर्षांत तयार झाली आणि निघाली. जाताना बॅझिलसकट आमच्यातल्या तिघांना घेऊन गेली, चर्चच्या पाच बायका तर तिने आधीच गोळा करून ठेवल्या होत्या. पुढे त्या मंडळाची पिल्लं साउदॅम्प्टनपर्यंत पोचली. आमच्याकडे उरलो चौघं.

एका वर्षी एव्हिस येऊन म्हणाली, "आई, मी आणि क्लाइव्हसुद्धा दीक्षा घेतोय."

माझे डोळे भरून आले. "ये गं बाळ. कधी येताय?"

"तुझ्याकडे नाही," ती म्हणाली. "सासूबाईंकडे. त्यांची खोली उबदार असते."

डोर्कासबाई १९७१ च्या मार्चमध्ये वारल्या. मिसेस पेनफोल्ड १९८४ च्या फेब्रुवारीत.