फोटोला घातलेला हार

"हार घालायचा नाही," संस्कृतीनं वडिलांना बजावलं होतं. "शाल नाही, नारळ नाही. कुवाहारा सान फार लाजाळू आहेत. मी पुण्याहून त्यांना घेऊन येते, ते दोन शब्द बोलतील आणि मग त्यांचा सिनेमा दाखवायचा. बास. वचन द्या बाबा."

रंगनाथ दरंदल्यांनी वचन दिलं. फोनवरच द्यायचं होतं, त्यामुळे जड गेलं नाही.

नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रंगनाथरावांनी नगर शहरात चित्रपट मंडळ काढलं होतं आणि यंदा हौसेनं आजच्या जपानी चित्रपटांचा महोत्सव भरवला होता. संस्कृती पुण्यात जपानी शिकवायची; 'सान' म्हणजे आपलं 'राव', हे तिनंच त्यांना सांगितलं होतं. तिनं शब्द टाकला म्हणून खुद्द दिग्दर्शक कुवाहारा यायला तयार झाले. हे मोठंच होतं, कारण मागे एकदा तिचे सर घरी जेवायला आले, तेव्हा रंगनाथरावांनी त्यांना फेटा बांधून हलगी वाजवत गल्लीतून आणलं होतं. त्यानंतर पोरीनं ओळखीचं कुणी घरी आणणंच बंद केलं. आजचं नीट पार पडलं, तर ते पुन्हा सुरू होईल अशी रंगनाथरावांना आशा होती.

पण हॉलकडे निघालेली त्यांची स्कूटर फुलवाल्यापाशी थांबली ती थांबलीच. एवढ्या लांबून माणूस येतो आणि आपल्याकडे त्याला साधा हार नाही, हे काही त्यांच्या मनाला पटेना. दोघांनी उचलावा असा झेंडूचा हार त्यांनी घेतला. घालायचा नाही, नुसता जवळ असू द्यावा, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

हॉल चांगला भरला होता. निम्मे लोक सिनेमासाठी आले होते आणि निम्मे रंगनाथरावांच्या गल्लीतले होते. शेजारच्या बनुबाई तर पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. तेवढ्यात संस्कृतीचा फोन आला.

"बाबा, सुप्याजवळ टायर पंक्चर झालंय. अर्धा तास उशीर होईल. हार नाही ना आणला?"

"न्हाई गं," रंगनाथराव म्हणाले आणि हार त्यांनी खुर्चीखाली सरकवला.

अर्धा तास तो हार त्यांच्या पायाशी दरवळत होता. स्टेजवर कुवाहारांचा भला मोठा, काळापांढरा फोटो उभा केलेला होता. शेवटी रंगनाथरावांच्या डोक्यात उजेड पडला. माणसाला हार घालू नका असं पोरगी म्हणाली होती. फोटोला कुठं नाही म्हणाली? त्यांनी हॉल सांभाळणाऱ्या मच्छिंद्रला हाक मारली आणि दोघांनी मिळून हार फोटोला चढवला. उद्घाटनाची समई उगीच कोपऱ्यात होती, ती मच्छिंद्रनं फोटोपुढे आणून लावली. हार घातलेला फोटो दिसला की मच्छिंद्रचा हात आपोआप खिशाकडे जायचा. त्यानं उदबत्तीही लावली.

रंगनाथराव दोन पावलं मागे सरून बघू लागले. काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं, पण काय ते कळायच्या आत उद्घाटक आप्पासाहेब आत आले.

आप्पासाहेबांकडे सध्या पद नव्हतं, पण भागातली एकही दशक्रिया त्यांच्या भाषणाशिवाय होत नसे. आजही ते सकाळपासून दोन उरकून आले होते. त्यांनी फोटो पाहिला, हार पाहिला, उदबत्ती पाहिली. चपला काढल्या, फोटोपुढे हात जोडले आणि सरळ माईक धरला.

"नियतीपुढं कुणाचं काही चालत न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "आपल्या नगरला यायला निघालेला हा मोठा मानूस वाटंतच आपल्याला सोडून गेला."

सभागृहात कुजबुज झाली. बनुबाईंनी तोंडाला पदर लावला. रंगनाथराव धडपडत उठले आणि आप्पासाहेबांच्या कानाशी लागले. "आप्पा, आप्पा, तसं न्हाई हो..."

आप्पासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सावरा, रंगनाथराव. तुमचं दुःख आमी समजू शकतो." आणि त्यांना हलकेच खाली बसवलं. मग पोकळी भरून निघणार नाही म्हणून सांगितलं, कुटुंबाच्या दुःखात आपण सहभागी असल्याचं सांगितलं आणि सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला लावलं.

स्तब्धतेत बोलणार कसं? रंगनाथरावही सगळ्यांबरोबर उभे राहिले. बनुबाई मात्र डोळे पुसत हळूच बाहेर पडल्या, त्यांना घरी काहीतरी आठवलं होतं. त्या गेल्या त्याच दारातून संस्कृती आत आली आणि तिच्यामागून कुवाहारा. सगळे माना खाली घालून उभे आहेत हे पाहून तेही तिथंच थांबले आणि त्यांनीही अदबीनं मान खाली घातली. रंगनाथरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

स्तब्धता संपली. कुवाहारांनी मान वर केली आणि स्टेजवर त्यांना स्वतःचा फोटो दिसला. संस्कृतीलाही दिसला. तिनं वडिलांकडे पाहिलं, आणि ती नजर रंगनाथरावांना सोसवली नाही.

पुढच्या कार्यक्रमाला निघालेले आप्पासाहेब दाराशी पोचले आणि थबकले. "तोंडवळा अगदी तसाच," ते म्हणाले. "भाऊ का त्यांचे?"

सगळा हॉल वळून बघत होता. खरं सांगायची हीच वेळ होती. रंगनाथरावांनी तोंड उघडलं.

"व्हय," ते म्हणाले.

आप्पासाहेबांनी कुवाहारांना पोटाशी धरलं, पाठ थोपटली आणि ते निघून गेले. मग सिनेमा झाला. त्यात एक म्हातारा बराच वेळ एकटाच चहा पितो. एरवी अशा वेळी निम्मा हॉल उठला असता, पण अशा दिवशी मधेच उठणं कुणालाच बरं दिसलं नाही. शेवटी चारदोन जणांनी डोळेही पुसले. रंगनाथरावांना त्याचा आनंद घेता आला नाही.

सिनेमा संपल्यावर तिघं घरी आले. दार उघडतात तोच बनुबाई आल्या. डोक्यावर पदर आणि हातात झाकलेली टोपली होती.

"तुमच्या घरचा पाव्हना गेला, आज तुमची चूल कशी पेटनार?" त्या म्हणाल्या. "पिठलं-भाकरी आनलीया." भाऊ आल्याचं गल्लीतल्यांकडून त्यांना कळलंच होतं. मग त्यांनी कुवाहारांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज भरून आला. "जेवा, दादा. जानारा गेला. मागच्यांनी जेवावं लागतं."

कुवाहारा जेवायला बसले. पहिला घास घेतल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी संस्कृतीला काहीतरी विचारलं.

"हे कुठल्या सणाचं जेवण आहे, असं विचारतायत," संस्कृती म्हणाली. हॉलमध्ये आल्यापासून वडिलांशी ती पहिल्यांदाच बोलत होती. "काय सांगू?"

आपल्याला वचन मोडल्याची लाज वाटते की त्या 'व्हय'ची, हे रंगनाथरावांनाच ठरवता येईना. "खरं काय ते सांग," ते हळूच म्हणाले.

संस्कृती जपानीत बराच वेळ बोलली. कुवाहारांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, पदरानं डोळे टिपणाऱ्या बनुबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी ताट बाजूला ठेवलं, बनुबाईंपुढे हात जोडून खोल वाकले आणि दुसरी भाकरी मागून घेतली. खाता खाता दोनतीन वाक्यं बोलले.

"काय म्हनत्यात गं दादा?" बनुबाईंनी विचारलं.

"म्हणतायत, असं जेवण कधी जेवलो नाही," संस्कृतीनं सांगितलं. मग तिनं वडिलांकडे पाहिलं. "आणि म्हणतायत, भाऊ फार साधा माणूस होता. त्याला हार अजिबात आवडायचे नाहीत."

शेवटचं वाक्य कुवाहारांचं होतं की पोरीचं, हे रंगनाथरावांनी विचारलं नाही. त्यांनी पाहुण्याच्या ताटात पिठलं वाढलं.