आधी आवाज काढ

आमच्या पदूकाकाकडे मशीन दुरुस्तीला न्यायची तर मालकाला लाज घरी ठेवून जावं लागे. काका मशीनला हातच लावत नसे. मालकाला समोरच्या लाकडी खोक्यावर बसवायचा आणि म्हणायचा, “आधी आवाज काढ.” म्हणजे मशीनचा आवाज, तोंडाने. चालू कशी होते, अडखळते कुठे, बंद पडते ती कशी, सगळं साग्रसंगीत. मग मालक कोणी का असेना. शेजारच्या गावच्या सरपंचाला पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात सोन्याची जाड साखळी घालून ‘घुर्र घुर्र फट’ करताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. काका डोळे मिटून ऐकत होता. मधेच म्हणाला, “न्हाय जमला. पुन्ना काढ.” सरपंचांनी पुन्हा काढला. पाण्याचा पंप होता त्यांचा, दुपारी सुरू होऊन घरी गेला.

पदूकाका माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. आमचं गाव भिवंडी तालुक्यातलं, खाडीकाठचं. तरुणपणी काका भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारा. तिथे कारीगर कोणी तेलुगू, कोणी युपीचा, आणि काका आगरी. कोणाचं बोलणं कोणाला धड कळायचं नाही, आणि त्या खडखडाटात कळलं असतं तरी ऐकू आलं नसतं. मग कारीगर काकाच्या कानाशी तोंड नेऊन लूम कसा वाजतोय ते करून दाखवायचा. भाषा तीन, पण बिघडलेल्या लूमचा आवाज सगळे सारखाच काढायचे, असं काका सांगे. तेव्हापासून त्याने मनाशी ठरवूनच टाकलं की माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. “मशीन खोटा बोलत न्हाय, मालक बोलतो,” हे त्याचं ब्रीदवाक्य. दिवसातून चार वेळा तरी ऐकवायचा.

विनय वगैरे भानगड त्याच्यापाशी नव्हती. भिवंडीपासून अंबाडीपर्यंत आपल्यासारखा कान कोणाचा नाही, हे तो स्वतःच सांगे, कोणी विचारलेलं नसताना. गावात कोणाची हळद असली की सगळा गाव डीजेपुढे नाचायचा आणि काका मांडवामागे जनरेटरपाशी मान तिरकी करून उभा. नवरीचं नाव विचारलं तर सांगता यायचं नाही, पण जनरेटरच्या तब्येतीवर अर्धा तास बोलायचा. माझ्या आईच्या मिक्सरलाही त्याने भिंतीपलीकडून नावं ठेवली होती. आई चिडायची. म्हणायची, याला बायको जाऊन इतकी वर्षं झाली, पोरबाळ नाही, घरात बोलायला कोणी नाही, म्हणून हा दुसऱ्यांच्या मिक्सरशी बोलतो. मला मात्र काका फार आवडायचा. आमच्या घरात मोठ्याने बोलणारे पुष्कळ होते, ऐकणारा तो एकच होता.

तर आता मुद्द्याचं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. गावातल्या आम्ही सात मुली कॉलेजात जात होतो. आमच्या गावात हे पहिल्यांदाच घडत होतं. कॉलेज खाडीपलीकडे. हिरूदादाची तर होती, म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी, आणि तिच्या पाठीला बाहेरून लटकवलेली आउटबोर्ड मशीन. रोज सकाळी त्या तरीने पलीकडे, दुपारी परत. आणि त्या पावसाळ्यानंतर मशीनला काय झालं कोण जाणे, ती खाडीच्या वळणावर बंद पडायला लागली.

वळणावर बांधाला आमचा चेडोबा आहे. शेंदूर लावलेला दगड, खाडीची राखण करणारा देव. त्याच्यासमोरून होडी जाते तेव्हा सगळे हात जोडतात, आणि नेमकं तिथेच मशीन गप्प. रोज नाही. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी बंद, मग परत चार दिवस ठीक. हिरूदादा दोरी ओढून ओढून घामाघूम व्हायचा तेव्हा कुठे चालू व्हायची. गावाने निदान केलं, देव कोपलाय. नारळ दिला, कोंबडा दिला. हिरूदादाने एका मेकॅनिकला बोलावून प्लगही बदलून घेतला. तरी तेच.

मग एक दिवस ऐन ओहोटीत मशीन बंद पडली. होडी वाहत गेली आणि चिखलात रुतली. आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि सातही जणींचे बाप धक्क्यावर उभे होते. माझे वडील सगळ्यांत पुढे. गोदामवाल्याला जमीन विकून पैसा आल्यापासून त्यांना सगळीकडे पुढे उभं राहायची सवय लागली होती. त्यांनी तिथेच निकाल दिला. येत्या रविवारपर्यंत मशीन सुधारली तर ठीक, नाहीतर पोरींचं कॉलेज बंद, घरी बसून शिवणकाम शिका. बाकीच्या सहा जणांनी माना डोलावल्या. मी रात्रभर रडले. शिवणकामाचा मला अतोनात राग आहे, आजही.

सकाळी उठून मी पदूकाकाकडे गेले. त्याने खोक्याकडे बोट दाखवलं. हिरूदादा येऊन आवाज काढून गेला होता, पण काकाच्या मते हिरूदादा मशीनचा नाही, स्वतःच्या नशिबाचा आवाज काढत होता. मी कॉलेजात जाणारी मुलगी, खोक्यावर बसून ‘टर्रर्र’ करू लागले. बंद पडताना मी आवाज तोडला तेव्हा काकाने डोळे उघडले. विचारलं, मरताना खोकते का? आचके देते का? मी म्हटलं, नाही काका, बोलता बोलता कोणी तोंडावर हात ठेवावा तशी गप्प होते.

त्याला खात्री वाटेना. त्याने बाकीच्या सहा जणींना बोलावलं. आम्ही सात जणी काकाच्या शेडमध्ये ओळीने बसून मशीन झालो. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत होती. निर्मला तर लाजेने मेली होती, पण तिचाच आवाज काकाला सगळ्यांत पसंत पडला. सातही जणी एकदम गप्प होत होत्या. मग काका म्हणाला, पेट्रोल कमी पडलं तर मशीन खोकत खोकत मरते. ही एका झटक्यात मरते, म्हणजे तिची ठिणगीच कोणीतरी बंद करतंय.

त्याने मशीन उतरवून पिंपातल्या पाण्यात चालवली. दुपारभर चालली. प्लग काढून बघितला, ठिणगी निळी, कडक. मग तरीला लावून होडी वळवायचा दांडा स्वतः धरला, हिरूदादाला पुढे बसवलं आणि चेडोबासमोरून तीन फेऱ्या मारल्या. मशीन एकदाही थांबली नाही. गाव म्हणायला लागलं, देव पदूवर प्रसन्न आहे, आता हिरूची तर पदूनेच चालवावी. काका भडकला. कौतुक त्याला प्रिय होतं, पण न केलेल्या कामाचं नको होतं.

शनिवारी तो आमच्याबरोबर तरीत बसला. हिरूदादा दांड्यावर. मला वाटलं काका मशीनकडे बघेल. तो मशीनकडे ढुंकूनही न बघता हिरूदादाकडे टक लावून बसला. वळण आलं. आम्ही हात जोडले, हिरूदादानेही जोडले, आणि मशीन गप्प.

“हिरू, हलू नको,” काका म्हणाला.

हिरूदादा हात जोडून तसाच राहिला. दोन्ही हात मोकळे करायचे म्हणून त्याने मशीनचा दांडा गुडघ्याखाली घट्ट दाबून धरला होता. काका वाकला, दांड्याच्या मुळाशी बोट घातलं. मशीन बंद करायच्या बटणाची वायर तिथून जात होती. तिचं वरचं रबर झिजलं होतं, आणि दांडा दाबला की उघडी तार मशीनच्या अंगाला टेकत होती. म्हणजे बटण न दाबताच मशीन बंद. आणि रोज का नाही? काकाने तेही विचारून घेतलं. ज्या दिवशी हिरूदादाच्या एका हातात बिडी असायची, त्या दिवशी तो दुसऱ्या हाताने दांडा धरून नुसती मान लववायचा. त्या दिवशी मशीन चालू.

काकाने वायर बदलली, रबराच्या नळीतून नेली आणि रविवारी धक्क्यावर सात बापांपुढे उभा राहिला. गावात कुजबूज होतीच की पदूने देवाला खोटं पाडलं. काका म्हणाला, “देवानी खोट दाखवली, मी फक्त वायर बदलली. मधल्या धारंत बंद पडली असती तं? देवानी आपले दारात थांबवली.” जुनी माणसंसुद्धा खूश झाली.

माझ्या वडिलांचं समाधान लवकर होत नाही. त्यांनी विचारलं, परत बंद पडणार नाही याची ग्यारंटी काय? काकाने सांगून टाकलं की तो स्वतः रोज पोरींबरोबर तरीत बसेल, जाताना आणि येताना. आमचं कॉलेज वाचलं.

आणि काका खरंच बसला. एक दिवस नाही की दोन दिवस नाही, आमची परीक्षा होईपर्यंत. मशीन पुन्हा कधी थांबली नाही. आम्हाला वाटायचं, आम्हाला पोचवून तो त्याच तरीने परत जात असेल आणि दुपारी पुन्हा येत असेल. शेवटच्या पेपरला मी लवकर सुटले तेव्हा खरं काय ते कळलं.

पलीकडच्या धक्क्यावर एका मावशीची चहाची टपरी होती. मी एकटीच येऊन बाकड्यावर बसले. काका खाली तरीपाशी हिरूदादाशी वाद घालत होता. मावशीने मला न मागता चहा दिला आणि पैसे घेईना. म्हणाली, तुझे बाबा रोज सकाळपासून तुम्ही सुटेपर्यंत इथेच बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, माझ्या पोरी कॉलेजात गेल्यात. सात पोरी झाल्या आणि सातही शिकवल्या, असा बाप आपण बघितला नाही, असं म्हणताना त्या बाईचे डोळे भरून आले.

मग जवळ येऊन तिने हळूच विचारलं, “त्यातल्या दोघी जुळ्या आहेत म्हणाले ना गं? कुठल्या?”

तेवढ्यात बाकीच्या सहा जणी रस्त्याने येताना दिसल्या. मी उंच, गोऱ्या वनिताकडे बोट दाखवलं. मग तिच्या खांद्यालाही न लागणाऱ्या, सावळ्या निर्मलाकडे.

मावशी दोघींकडे बघत राहिली. म्हणाली, “चेहरा बाबांचा आलाय.”

“सगळ्यांनाच आलाय,” मी म्हटलं, आणि खाली काकाला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा आणि मोठ्याने, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी, मी त्याला ‘बाबा’ म्हटलं.