रुखवत या शब्दाची कुळकथा

नांदेडात मार्तंडगुरुजींना विचारल्याशिवाय एकही शब्द जन्माला येत नाही, असं खुद्द मार्तंडगुरुजींचं मत होतं. तेहतीस वर्षं मराठी शिकवून ते निवृत्त झाले, पण शब्दांची काही सुटका झाली नाही. पावशेर दोडके घेतानाही दोडक्याचं कूळ सांगितल्याशिवाय ते पिशवी पुढं करत नसत. तेव्हा लेकीच्या, मृण्मयीच्या लग्नात 'रुखवत' या शब्दावर आपण बोलणार, हे त्यांनी मुहूर्त निघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

रुखवत मात्र भाड्याचं होतं. मृण्मयीला बँकेतून फुरसत नव्हती आणि तिच्या आईचे, लताबाईंचे गुडघे धरलेले. म्हणून लोह्याच्या मल्लम्माकडून सगळं टेबल आणलं: मण्यांची पालखी, सुपारीचे भटजी, लोकरीचे ससे, थर्माकोलचं माहूरचं देऊळ, ताटभर बुंदीचे लाडू. पाच वाजता टेम्पो येऊन सगळं परत नेणार होता, कारण दुसऱ्या दिवशी ते इस्लापूरच्या लग्नात मांडायचं होतं. हे घरातल्या तिघांनाच ठाऊक. वरपक्षाला गुरुजींनी एकूण एक वस्तू लेकीच्या हातची आहे म्हणून सांगितलेलं.

पंगती उठल्या आणि गुरुजींनी माइक धरला. निजामापासून सुरुवात केली. रुख्सत म्हणजे निरोप, आणि माझ्या मते त्यातूनच आपलं रुखवत आलं, असं ते म्हणाले. निरोप घेताना लेकीबरोबर जे जातं ते रुखवत.

"एक सुपारीसुद्धा मागं राहिली, तर शब्दाचा अर्थच मेला!"

टाळ्या पडल्या. वरपक्ष लातूरकडचा, शेतीवाडीचा, शिकल्या माणसाच्या शब्दाला मान देणारा. नवरदेवाची आजी लक्ष्मीबाई, तिनं आपल्याकडच्या बायकांकडं नुसतं बघितलं. पाच मिनिटांत सुपारीचे भटजी पाटीत बसले आणि ससे पिशवीत शिरले.

लताबाईंनी गुरुजींना कोपऱ्यात ओढलं. "अहो, पालखी जीपमध्ये चढली. मल्लम्माला आता काय निरोप सांगता?"

गुरुजींनी पुन्हा माइक धरला. फारसीत रुख म्हणजे चेहरा, तेव्हा रुखवत हे नुसतं बघण्यापुरतं, ते वधूपित्याकडंच राहतं, असंही एक मत असल्याचं त्यांनी सांगितलं. या मताला कुणी टाळी दिली नाही.

नवरदेवाचा काका श्रीमंत उठला. "गुरुजी, मघाशी तर समदं न्यायचं म्हणलात. बायका सामान बांधून राहिल्यात. खरं कोणतं धरावं?"

विद्वानांत वाद आहे, असं गुरुजी पुटपुटले.

"मला शब्दाचं काही कळत न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाली. "आमच्यात रुखवत म्हंजे नवरदेवाचं खाणं. लाडू तेवढे द्या, बाकी ऱ्हाऊ द्या तुमचं."

गुरुजींच्या जिवात जीव आला. ते हाव हाव म्हणत होकारार्थी मान हलवत सुटले. लाडूही मल्लम्माचेच, म्हणजे प्लास्टरचे, हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर श्रीमंतनं एकाला दाढेखाली घेतलं होतं. असा कडाड आवाज झाला की इशारा झाला समजून बँडवाल्यांनी वाजवायलाच सुरुवात केली.

बँड थांबल्यावर श्रीमंत गाल धरून म्हणाला, "लेकीच्या हातचा हाय म्हणं. हात लई घट्ट हाय पोरीचा."

शेवटी मृण्मयीच पुढं आली. "मी नाही केलेले, आजी. सगळं लोह्याहून भाड्यानं आणलंय. पाचला टेम्पो येणार आहे."

गुरुजींनी माइक खाली ठेवला. लक्ष्मीबाईनं तोंडाला पदर लावला. आधी पदर हलला, मग खांदे हलले, आणि मग ती मोठ्यानं हसायलाच लागली.

"मंग सांगायचं की इवाई," ती व्याह्यांना म्हणाली. "ते देऊळ आमच्या उंदरांनी दोन दिवसांत खाल्लं असतं." पालखी जीपमधून उतरली. "पण खाणं राहिलं बरं का. पोरीला माघारी न्यायला याल, तवा एकशे एक लाडू आणा. आन वळायचे तुमच्या हातानं."

परवा गुरुजी परातीसमोर बसले होते. अकरा लाडू झाले, त्यातले चार न ढासळता उभे राहत होते. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि लताबाईंकडं वळून म्हणाले, "बरं का, लाडू हा शब्द मुळात..."

लताबाईंनी बुंदीचं पातेलं त्यांच्यापुढं सरकवलं.

"आधी नव्वद वळा."