सोळा घरांचा देव

आमच्या समोरच्या घरातले सेक्रेटरी देव झाले, त्याला कारण त्यांची मुलगी. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते आणि निवृत्त झाल्यापासून वडील तिला दिवसातून पाच वेळा फोन करायचे. "जेवलीस का?" हा एक फोन, "काय जेवलीस?" हा दुसरा. शेवटी सुट्टीत आली तेव्हा तिने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ टाकला आणि म्हणाली, "बाबा, यात एक टोळी आहे. तिचे देव तुम्ही. आता तिला सांभाळा." आणि हलक्या मनाने निघून गेली.

(हे मला ठाऊक असण्याचं कारण इतकंच, की त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर आहे आणि उकाड्यामुळे दोन्ही दारं उघडी असतात. निदान आमचं तरी असतं.)

सेक्रेटरी म्हणजे आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. चार मजले, सोळा घरं, गच्चीवर एक टाकी. अकरा वर्षं ते या पदावर होते. लोकांचा फार विश्वास होता असं नाही, दुसरं कोणी उभंच राहत नव्हतं. यंदा मात्र चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे राहणार होते आणि निवडणूक येत्या रविवारी होती. सेक्रेटरींच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नोकरी संपली, मुलगी लांब. आता त्यांच्याकडे उरलं होतं काय, तर जिन्याखालच्या पाटीवरचं नाव आणि कमरेला लटकणारा चाव्यांचा जुडगा. तोही गेला तर सकाळी उठून पँट कशासाठी घालायची, असा प्रश्न होता.

अशा अवस्थेत माणसाच्या हाती टोळी आली.

तळ्याकाठी बोटाएवढी माणसं. शेत नांगरणारी, लाकडं तोडणारी, आकाशाकडे हात करून पाऊस मागणारी. ढगावर बाण नेऊन माउस दाबला की पाऊस पडायचा. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता आणि त्याच्यावर 'श्रद्धा' असं लिहिलेलं होतं. सेक्रेटरी मुळात भला माणूस. पहिले तीन दिवस ज्याने हात वर केला त्याच्या शेतात त्यांनी लगेच पाऊस पाडला. श्रद्धा अकरावर अडकून बसली. माणसं पावसात भिजत, अंग झटकत आणि आपापल्या कामाला लागत. कोणी मान वर करून बघेना.

चौथ्या दिवशी बायकोने त्यांना बरोबर घेऊन आपल्या बहिणीकडे नेलं. इकडे कॉम्प्युटर चालूच राहिला. संध्याकाळी परत येऊन बघतात तो तळं आटलेलं, शेतं करपलेली आणि गावाच्या मधोमध दगडी देऊळ उभं. सगळी टोळी जमिनीवर आडवी. श्रद्धा चौऱ्याऐंशी.

सेक्रेटरी खुर्चीत टेकून बसले.

"काय झालं?" बायकोने आतून विचारलं.

"अकरा वर्षं माझं चुकलं," ते म्हणाले.

"फक्त अकराच का?" म्हणून ती कांदा चिरायला गेली.

त्यांचं काय चुकलं ते त्या दिवशी तिला कळलं नाही, मलाही नाही. बुधवारी सकाळी कळलं. आमच्या नळाने दोन गुळण्या टाकल्या आणि तो गप्प झाला.

मी दार उघडलं तर सेक्रेटरींची बायको नवऱ्याचा डावा हात धरून उभी. शर्टाच्या बाहीला कोपरापर्यंत गंज लागलेला.

"गच्चीवर काय करत होतात?"

"टाकी बघत होतो."

"मग? काय म्हणाली टाकी?"

"तू आत हो. शेजारी ऐकतात."

(मी तेव्हा पायपुसणं झटकत होते. माणसाने पायपुसणं झटकूही नये काय?)

हिशोब असा होता. बुधवारी टाकीचा मुख्य कॉक बंद करायचा. गुरुवारपर्यंत लोक कासावीस होतील, शुक्रवारपर्यंत हवालदिल. रविवारी सकाळी, सभेच्या तासभर आधी, सेक्रेटरी चाव्या घेऊन एकटे गच्चीवर चढतील आणि सोळाच्या सोळा घरांत एकदम पाणी खळाळेल. मग कोणते डॉक्टर आणि कसली निवडणूक. पाणी का गेलं होतं हे कोणी विचारणार नाही. टोळीने तरी कुठे विचारलं होतं?

टोळीत आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एक फरक होता. टोळीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाई नव्हत्या.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. चाळीस वर्षं शाळा चालवल्यामुळे कोणतीही गोष्ट घडली की पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं हे त्यांचं ठरलेलं असतं. सव्वानऊला पाणी गेलं आणि साडेनऊला त्या प्लंबरला घेऊन सेक्रेटरींच्या दारात हजर.

"गच्चीची चावी द्या."

"मी आधी तक्रार नोंदवून घेतो. लेखी अर्ज…"

"मला अंघोळ करायची आहे, अर्ज नाही. चावी."

सेक्रेटरींनी चावी दिली. बाईंनी मागितली आणि कोणी दिली नाही, असं आजवर झालेलं नाही. प्लंबर वर गेला, चार मिनिटांत खाली आला आणि सगळे नळ एकदम सुरू झाले. जिन्यात दहा-बाराजण गोळा झाले होते.

"काय झालं होतं हो?" डॉक्टरांनी विचारलं.

प्लंबरने पान्याला लागलेली घाण फडक्याने पुसली. एकदा सेक्रेटरींकडे बघितलं, एकदा त्यांच्या बाहीकडे. मग सावकाश म्हणाला, "लाइनमध्ये हवा अडकली होती. सगळ्यांना नाही जमत काढायला."

प्लंबरचा चहा पहिल्या मजल्यावर झाला, दुसऱ्यावर झाला, बाईंनी बिस्किटं दिली. चौथ्या मजल्यावर डॉक्टरांनी त्याची दुखरी दाढ तिथल्या तिथे तपासून दिली. खाली उतरायला त्याला दुपारचे दोन वाजले. जाताना सगळे जिन्यापर्यंत सोडायला आले. अकरा वर्षांत सेक्रेटरींना कोणी दारापर्यंतसुद्धा सोडलेलं नव्हतं.

ते तणतणत घरात आले आणि कॉम्प्युटरपुढे बसले. टोळीत लाल झगा घातलेला एक माणूस होता. देवळापुढे नाचायचा. आजवर त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, नाचतोय तर नाचू दे म्हणून. आता नीट बघितलं तर धान्याच्या राशी, मेंढ्या, लाकडं, सगळं त्याच्या झोपडीपुढे. देवळाच्या पायरीवर एक कोंबडी होती, तीही चालत चालत झग्याकडेच निघाली होती.

"बघ, बघ हा काय करतोय," त्यांनी बायकोला बोलावलं. "पाऊस मी पाडतो आणि मेंढ्या हा खातो."

बायको हात पुसत आली, वाकून बघितलं. "त्याला लोक भेटतात तरी. तुम्ही कुठे दिसता?" म्हणाली.

इथे शहाणा माणूस थांबला असता. सेक्रेटरींनी शुक्रवारी सकाळी पुन्हा कॉक बंद केला. या वेळी चावी शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि ठरवलं की आपण बाहेर गेलोय असं बायकोला सांगायला लावायचं. बायकोने तसं सांगितलं. "ते बाहेर गेलेत," ती बाईंना म्हणाली, "पलंगामागे."

मग प्लंबरच्या मागोमाग त्यांनाही गच्चीवर जावं लागलं. पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलंय. मी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले होते आणि दोन चादरींच्या मागे कपडे काढायला वेळ हा लागतोच.

प्लंबर कॉकपाशी उकिडवा बसला. "साहेब, हा कॉक पाच वर्षं जागचा हलला नव्हता. आता तीन दिवसांत दोनदा फिरला."

"वारं असतं वर," सेक्रेटरी म्हणाले.

"असतं. माझं काही म्हणणं नाही. तुम्ही बंद करा, मी उघडतो. दोघांचं चालू राहील."

"माझं कुठे चालू राहतंय? सगळे तुलाच चहा पाजतात. हे बघ, आज खाली जाऊन सांग की सेक्रेटरींनी पाणी आणलं."

प्लंबरने जरा विचार केला. "सांगतो की. पण मग कोणीतरी विचारणार, घालवलं कोणी. तेही मलाच सांगावं लागेल. बाईंपुढे मला खोटं नाही बोलता येत, त्यांच्याच शाळेत होतो मी."

"पण हवा अडकली म्हणून तर सांगतोस."

"ते खोटं नाही साहेब. तो धंदा आहे."

सेक्रेटरी पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले. मला त्यांची दया आली. इतकी आली की चादरीमागून बाहेर येऊन दोन शब्द बोलावंसं वाटलं, पण मग मी किती वेळ तिथे आहे हेही सांगावं लागलं असतं.

रविवारी सभा भरली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि जुडगा मुठीत इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. डॉक्टर उठले. सेक्रेटरींनी डोळे मिटले.

"मी माझं नाव मागे घेतो," डॉक्टर म्हणाले.

सेक्रेटरींनी एक डोळा उघडला.

"या आठवड्यात आपण सगळ्यांनी बघितलं, की बिल्डिंग चालते ती पाण्यावर आणि पाणी चालतं ते एका माणसावर." सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मागच्या रांगेत, खास आमंत्रण देऊन बोलावलेला प्लंबर बसला होता. धुतलेल्या कपड्यांत. "गच्चीची चावी आणि टाकीचा कारभार यापुढे त्यांच्याकडे असावा असं मी सुचवतो. मग सेक्रेटरीला काम उरेल ते एकच, पाणी गेलं की त्यांना फोन करायचा. तेवढ्यासाठी मला दवाखाना सोडून येणं परवडणार नाही. हे करतात तर करू देत."

"माझं अनुमोदन," बाई म्हणाल्या. "फोन करण्यापुरते ते ठीक आहेत."

सोळा हात वर गेले. त्यात सेक्रेटरींच्या बायकोचा सगळ्यात आधी. सेक्रेटरींनी जुडग्यातली गच्चीची चावी काढायला घेतली, ती निघेना. शेवटी प्लंबरने पकड काढून कडी वाकवली आणि स्वतःच काढून घेतली. टाळ्या झाल्या. आमचे सेक्रेटरी बाराव्या वर्षासाठी बिनविरोध निवडून आले.

सोमवारी दुपारी पाणी गेलं. खरोखरचं गेलं. मोटर जळाल्याचा वास पार जिन्यात येत होता. सेक्रेटरींनी तत्परतेने आपलं एकमेव कर्तव्य बजावलं.

"हॅलो, पाणी गेलंय."

"साहेब, आता पुरे झालं," पलीकडून प्लंबर म्हणाला. "निवडून आलात ना? उघडा तो कॉक."

"अरे, मोटर जळली. वास येतोय."

"वास पण काढलात? कमाल आहे तुमची."

"माझ्याकडे चावीसुद्धा नाही रे."

"दुसरी असणारच. अकरा वर्षं झाली, तुम्ही काय एका चावीवर राहाल? चला, मी दुसऱ्या कामावर आहे." आणि फोन बंद. त्यानंतर नऊ वेळा लावला, नऊही वेळा उचलला नाही.

इकडे बाई दारात येऊन दोनदा घड्याळ बघून गेल्या होत्या. दुसरा प्लंबर आणावा तर आपलाच का येत नाही हे सांगावं लागणार. सेक्रेटरींनी शर्ट काढून ठेवला, बनियनवर खाली उतरले, अंगणातल्या हौदाचं झाकण सरकवलं आणि दोन बादल्या भरल्या. एकेक मजला चढायला लागले. पहिल्या मजल्यावर चार, दुसऱ्यावर चार. आम्हालाही दिली एक. मी म्हटलं, "जरा बसा." तर मानेनेच नको म्हणाले, बोलण्याइतका दम नव्हता.

बारावी बादली घेऊन ते तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. बाईंनी दार उघडलं, बादलीकडे बघितलं, मग त्यांच्या मागे जिन्यात कोणी आहे का ते बघितलं.

"तो नाही आला अजून?"

सेक्रेटरींनी मान हलवली.

"बिचारा. किती ठिकाणी पुरा पडणार एकटा." बाईंचा आवाज भरून आला. मग त्यांनी दार अर्धं लोटलं आणि म्हणाल्या, "ही आत आणू नका, तशीच खाली घेऊन जा. तो आला की त्याला हात धुवायला लागेल."