पत्र्याच्या शेडीत दिवा चढविल्याची हकीकत

मातीत वसणारा गणराय लिहिणाऱ्याच्या हातास बळ देवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, श्रावणमासी, मूर्तिकारांच्या राज्यात दिव्यावरून जे युद्ध जाहले, त्याचे वर्तमान ऐसे.

राज्य म्हणजे पत्र्याची शेड, आणि धनी धर्माजीराव. मूर्तीचे डोळे आखणे हा त्यांचा खासा अधिकार. परंतु वयोमाने हात कापू लागला आणि गणराय तिरळे पाहो लागले, आणि गिऱ्हाइके कुजबुजू लागली. मग थोरली सून कौसाबाई पुढे होऊन बोलल्या, "मामंजी, यंदा आखणी मी करते." धनी कडाडले, "सुनेनं माती मळावी. डोळे पुरुषांनीच आखायचे!" बाई हट्टास पेटल्या आणि कुंचला घेऊन बसल्या, तो आभाळ दाटून शेडीत काळोख, आणि बाजूने बॅटरी धरावी तर सोंडेची सावली नेमकी डोळ्यावर पडे. दिवा वरूनच हवा. परंतु गतसाली धाकटे चिरंजीव बाळोजी यांनी दिवा टांगण्याच्या हौसेने पत्र्यास भोक पाडिले होते, आणि तेथून पाऊस गळून शाडूची मूर्ती चिखल होऊन बसली होती. तो धागा धरून धन्यांनी फर्माविले, "छपराला भोक पाडायचं नाही. दिवा नाही, तर आखणीही नाही," आणि मिशीत हसले. भारी धूर्त गृहस्थ!

बाईंनी मान वर करून छप्पर न्याहाळिले. बाळोजींनी पत्राच तेवढा पाहिला होता. पत्रा ज्यावर टेकला तो आडवा लोखंडी अँगल त्यांच्या ध्यानीच आला नव्हता. मग बाई पदर खोचून स्टुलावर चढल्या, आणि सुताराचा शिकंजा अँगलाच्या काठास लाविला, आणि पिळून घट्ट केला, आणि त्यास दिवा टांगिला, आणि वायर सुतळीने बांधीत भिंतीपर्यंत आणिली, आणि बटण दाबिले. मूर्तीच्या मुखावर लख्ख उजेड जाहला.

धनी धावत आले आणि भोक शोधू लागले. भोक असेल तर सापडेल! तेव्हा चिडून म्हणाले, "दिवा लागला म्हणून काय सुना डोळे आखणार?"

"मग काय पत्रा बघायला लावला? मला येतं, मी आखणार."

ऐसे बोलून बाईंनी कुंचला टेकविला आणि उजवा डोळा एका दमात रेखिला. डोळा सरळ पाहत होता. धनी निरखावयास वाकले, तो त्यांची सावली मूर्तीवर पडली.

"मामंजी, उजेड अडतोय. बाजूला व्हा."

धनी बाजूस जाहले.

एकंदर ऐसे की, छप्पर शाबूत राहिले, दिवा कायम जाहला आणि आखणी कौसाबाईंकडे आली. ज्यास हे रुचणार नाही, त्याने खुशाल अंधारात बसावे.