पन्नास बसून, एक मांडीवर

आपली खेळी संपली की सरवदेमामा बोटातल्या अंगठीने टेबलावर दोनदा टकटक करतात आणि मोठ्यांदा म्हणतात, “जाऊ द्या!” समोरचा खेळाडू नवा असेल तर दचकतो. जुना असेल तर माझ्याकडे बघून कपाळाला हात लावतो. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाला डबल बेल दिल्याशिवाय पुढचं काही सुरूच करता येत नाही, त्याला मी तरी काय करणार?

नवी पेठेत इरण्णाचं वह्या-पेनांचं दुकान आहे. त्याच्या माडीवर दर रविवारी दुपारी आम्ही पंधरावीस जण कार्डांचा खेळ खेळतो. पत्ते नव्हेत. इथे प्रत्येक कार्डावर एक पात्र असतं. योद्धा, राक्षस, चेटकीण, ड्रॅगन, काय वाट्टेल ते. कोपऱ्यात त्याची ताकद आकड्यात लिहिलेली असते. हजारो कार्डांतून आपण पन्नास निवडायची, त्यांचा डेक बांधायचा आणि समोरच्याचा जीव विसावरून शून्यावर आणायचा. डोक्याचा खेळ आहे. मी शाळेत गणित शिकवतो; कोणतं कार्ड कितव्या खेळीला हातात येण्याची शक्यता किती, हे मी वहीत मांडून ठेवलेलं आहे. बायको हसते. हसू दे.

सरवदेमामांनी असलं काही मांडलेलं नाही. त्यांनी बस भरली आहे.

त्यांचा डेक म्हणजे मंगळवेढा–सोलापूर, सकाळची गाडी. निवृत्तीनंतर एका रविवारी ते इरण्णाकडे रिफिल घ्यायला आले, माडीवरचा गलका ऐकून वर चढले आणि दारात उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “हितं जागा हाय का?” दुर्दैवाने होती. ज्या कार्डांना कुणी कुत्रं विचारत नाही ती इरण्णा एका बुटाच्या खोक्यात टाकतो. मामांनी अख्खा डेक त्या खोक्यातून उभा केला. दोन मेंढ्या घेतलेला मेंढपाळ, ताकद एक. सुईण, ताकद एक. लोहार, ताकद दोन. काळा झगा घातलेली एक चेटकीण आहे, तिला ते वकीलबाई म्हणतात. “कोर्टाची तारीख हाय त्यांची,” असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं. ढाल-तलवारवाला शिपाई म्हणजे सुट्टी संपवून निघालेला मिल्ट्रीवाला. ही कार्डं पिसतानासुद्धा त्यांचं तोंड चालू असतं. “पुढं सरका, पुढं सरका. मागं मोकळं हाय समदं.”

गमतीचे डेक बांधायची खोड काही हौशी लोकांना असते, हे मी जाणतो. कुणी नुसत्या मांजरांचा बांधतो, कुणी नुसत्या टोपीवाल्यांचा. दोन रविवार हसून झालं की शहाणी माणसं ते मोडतात आणि नीट खेळायला लागतात. मामांचं शहाण्या माणसांत येणं काही झालं नाही. दीड वर्षात ते एकूण चार डाव जिंकले. त्यातल्या दोन डावांत समोरच्याला घरून फोन आला म्हणून तो उठून गेला होता.

एकदा कार्डांचं नवं पाकीट फोडलं तेव्हा त्यांना सोन्याचा ड्रॅगन मिळाला. ताकद नऊ! असलं कार्ड सोलापुरात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मी त्याच्या बदल्यात माझा कार्डांचा अर्धा अल्बम द्यायला तयार झालो. मामांनी कार्ड लांब धरून, चष्मा वर-खाली करून पाहिलं. “ह्याला शीट कंची द्यायची, सर? शेपूट सगळी वाटंत येतीया.” आणि मी घरून अल्बम घेऊन येईपर्यंत त्यांनी तो ड्रॅगन कॉलेजातल्या एका पोराला देऊन टाकला होता. बदल्यात काय घेतलं? दुधाची किटली घेतलेला एक गवळी. त्या दिवशी मी जेवलो नाही.

शिवाय त्यांची तत्त्वं. समोरच्याने त्यांचं पात्र मारलं तर त्यांना वाईट वाटत नाही. “उतरले. त्यांचा थांबा आला,” म्हणतात आणि कार्ड हलकेच बाजूला ठेवतात. पण या खेळात एक बळी नावाची चाल आहे. आपलंच एखादं फुटकळ पात्र आपण होऊन बाद करायचं आणि त्या बदल्यात मोठ्या पात्राची ताकद दुप्पट करून घ्यायची. कुठलाही समजदार माणूस हेच करतो. फुटकळ पात्रं असतातच त्यासाठी. मामा मात्र हे कधीही करत नाहीत. “तिकीट फाडल्यावर पॅशिंजर मधीच उतरवायचा? ही कंची रीत?” असं ते मलाच विचारतात.

एवढं सगळं माहीत असूनही मी या माणसाला माझा जोडीदार केलं. केलं म्हणजे, करावं लागलं. दिवाळीनंतर इरण्णाने जोडी-स्पर्धा ठेवली. दोघादोघांनी एकत्र खेळायचं, दोघांचा जीव सामाईक, आणि जिंकणारी जोडी पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. पुण्याला जायचं म्हणून मी चार वर्षं वह्या भरत होतो. पण माझा नेहमीचा जोडीदार नेमका त्याच महिन्यात बदली होऊन नांदेडला गेला, बाकीच्यांच्या जोड्या जुळून गेल्या आणि माडीवर उरले सरवदेमामा. मी मनाशी हिशेब केला की यांनी नुसतं गप्प बसून माझ्या हातात लागेल ते दिलं तरी पुरे.

पहिल्याच सामन्याआधी कार्डं मोजताना इरण्णा थांबला. परत मोजली. “मामा, एक्कावन्न आहेत.”

“पन्नासच हाईत.”

“एक्कावन्न, मामा.”

मामांनी त्यातलं एक कार्ड उचललं. कुठल्याशा परीचं चित्र होतं, दुपट्यात गुंडाळलेली तान्ही परी. “हे मांडीवरचं लेकरू हाय. पाच वर्साच्या आतलं. ह्याचं तिकीट लागत न्हाय की!”

माडीवर हशा पिकला. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. नियमाप्रमाणे आमचा पहिला डाव खेळण्याआधीच गेला. त्यानंतरचे सगळे डाव मी एकट्याच्या डोक्याने ओढून काढले आणि कसाबसा संघ अंतिम सामन्यात नेला. मामा शेजारी बसून पुढं सरका, पुढं सरका करत होते.

अंतिम सामन्याचा शेवटचा डाव. समोरच्या जोडीचा जीव उरला होता आठ. माझा अग्निराजा मैदानात, ताकद पाच. एक बळी मिळाला की दहा, म्हणजे पुणे. माझ्याकडे बळी द्यायला दुसरं पात्र नव्हतं, पण जोडीत जोडीदाराचंही चालतं. मामांपुढे एक कार्ड उघडं पडलं होतं. कोंबड्यांची पाटी घेतलेली म्हातारी, ताकद एक. पुढच्या खेळीला समोरचे आम्हाला संपवणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

“मामा, म्हातारी द्या.”

“न्हाय.”

“मामा, एकच कार्ड आहे. ती काही कामाची नाही.”

“तिचं तिकीट सोलापूरचं हाय,” मामा म्हणाले आणि त्यांनी कार्डावर हाताचा पंजा ठेवला.

आम्ही हरलो.

मी त्यांना माडीवर काही बोललो नाही, चारचौघांत शोभलं नसतं. रस्त्यावर आल्यावर मात्र मी तोंड सोडलं. मामा बस स्टँडकडे निघाले होते. मी त्यांच्या बरोबरीने चालत, नवी पेठेपासून स्टँडपर्यंत एकसारखा बोलत होतो. माझी चार वर्षं मातीत घातलीत. हा खेळ आहे, तुमची बस नाही. बस सुटली तुमची, दोन वर्षं झाली, आता ते डोक्यातून काढा. तुमच्यासारख्या माणसाबरोबर कुणी बसावं तरी कशाला, घरी जाऊन गप पडून राहा की! हे शेवटचं वाक्य बोललो तेव्हा ते जरा जास्त झालं हे मला कळलं होतं. तरी बोललो.

आणि या गृहस्थाचा चेहरा बघावा तर खुललेला! मधेमधे मान डोलावत होते. एकदा मी दम घ्यायला थांबलो तर म्हणाले, “बोला की सर. थांबलाव का?”

स्टँडबाहेरच्या गाड्यावर त्यांनी दोन चहा सांगितले. मी धुमसत उभा राहिलो. “हसताय काय, मामा? मी शिव्या घालतोय तुम्हाला!”

“व्हय की,” मामा म्हणाले. मग ग्लासात बघत त्यांनी सांगायला सुरुवात केली. “ती म्हातारी खरी हाय, सर. कामतीच्या पुढच्या फाट्यावर चढायची, दर गुरुवारी. कोंबड्या घिऊन. लगेजचं तिकीट घे म्हणलं की सुरू. पार सोलापूर येईस्तवर भांडायची. माझ्या सात पिढ्या काढायची. मला गुरुवार आला की नको वाटायचं. अकरा वर्सं, एक गुरुवार सोडला न्हाय तिनं.”

“मग?”

“मग मी रिटायर झालो. मंडळी त्याच्या आधीच गेली. लेक करमाळ्याला, सासरी. गल्लीत समदी लई मान देत्यात मला. मामा, नमस्कार म्हणत्यात आन् पुढं जात्यात.” त्यांनी एक घोट घेतला. “नमस्कार चालता चालता हुतोय, सर. भांडायला मानसाला थांबावं लागतंय.”

मी चहाचा पहिला घोट घेतला.

“एका गुरुवारी मी मुद्दाम त्या गाडीनं गेलो. पॅशिंजर म्हनून. फाट्यावर चढली, माझ्याच शेजारी बसली. सरका दादा, म्हणली. खाकी न्हवती अंगावर, वळखलं न्हाय तिनं. नव्या कंडक्टरनं लगेजचे पैसे मागितले, तर गुमान काढून दिले. एक शब्द बोलली न्हाय. मी वाट बघत बसलो, आता भांडंल, मग भांडंल. सोलापूर आलं.” ते हसले, पण या वेळी ते हसणं नीट जमलं नाही. “नाव बी कधी इचारलं न्हाय तिचं. तिकिटावर नाव नसतंय. आज तुमी नवी पेठेपासनं हितपतूर भांडलाव माझ्याशी. लई दिसांनी. बरं वाटलं.”

मला माझी लाज वाटली. चार वर्षांच्या वह्यांत मी शक्यता मोजत बसलो होतो, आणि रविवारच्या रविवार माझ्या शेजारी बसणारा हा माणूस घरी जाऊन कुणाशी बोलतो, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. माझ्या शिव्यांबद्दल तो माझे आभार मानत होता. मी खाली मान घालून म्हणालो, “चुकलं माझं, मामा. मी असं बोलायला नको होतं.”

आणि तिथेच खरी चूक झाली. मामांचा चेहरा पडला. “न्हाय न्हाय, तसं काय न्हाय, सर,” असं ते पुटपुटले, ग्लास खाली ठेवला आणि पिशवी उचलायला वाकले. आता ते मला नमस्कार करणार आणि जाणार, हे मला स्पष्ट दिसलं.

“आणि हा काय चहा आहे?” मी ओरडलो. गाडेवाल्याने चमकून वर पाहिलं. “गरम पाण्यात साखर नुसती! असल्या ठिकाणी आणता होय तुम्ही माणसाला?”

मामा वाकलेले होते ते ताठ झाले. “ह्या चहाला नाव ठिवायचं न्हाय, सर.”

“ठेवणार! शंभरदा ठेवणार!”

“आवो, तीस वर्सं पितोय हितं! तुमाला चहातलं काय कळतंय? मास्तर मानूस तुमी!” मामांनी पिशवी परत खाली ठेवली, बाक ओढला आणि माझ्यासमोर ऐसपैस बसले. मीही बसलो. माणसं आमच्याकडे वळून बघत होती, शाळेतला एक पालकही त्यांत होता. बघू दे. मंगळवेढ्याची गाडी फलाटाला लागली, भरली आणि सुटली, तरी आम्ही दोघं भांडतच होतो.