फक्त अपील ऐकले जाईल

देशकर काका भांडण ऐकत नसत. ते फक्त अपील ऐकत.

म्हणजे तुम्ही तावातावानं त्यांच्याकडे गेलात आणि "काका, बघा हो ही माणसं कशी वागतात," म्हणालात, तर ते हात वर करून विचारत, "खालच्या कोर्टाचा निकाल कुठाय?" निकाल नसेल तर त्यांच्या दृष्टीनं भांडण अजून जन्मालाच आलेलं नसे. आधी कुठेतरी जाऊन रीतसर हरून या, मग बोलू, असा त्यांचा खाक्या. मी पुण्याची. हरल्याशिवाय बोलता येत नाही हा नियम मला पचायला फार जड गेला.

आयर्लंडमध्ये, सिटीवेस्टला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये मेघना राहते, काका तिचे वडील. अमरावतीला आयुष्यभर दिवाणी वकिली केलेली, आणि पत्नी गेल्यापासून तिथे एकटेच. २०२० च्या फेब्रुवारीत ते लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले आणि पाठोपाठ सगळ्या जगानं दारं लावून घेतली. विमानं बंद झाली. घरापासून ठरावीक अंतराच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. मेघना आणि तिचा नवरा दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले, आणि आठ वर्षांची नात इरा ऑनलाइन शाळेत. दिवाणी वकील, आणि आसपास एकही दावा नाही.

तेवढ्यात त्यांना अमेरिकेचा शोध लागला. तिकडची वरची कोर्टंही साथीमुळे फोनवर चालायला लागली होती आणि कुणालाही ती घरबसल्या ऐकता येत होती. आमच्याकडे दुपारचे तीन वाजले की तिकडे सकाळी न्यायाधीश बसत. पावणेतीनलाच काका बाल्कनीत हजर. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, आणि स्वेटरवर वकिलीचा काळा कोट. हा कोट आयर्लंडला कशाला आणलात, असं मेघनानं विचारलं तर म्हणाले, "थंडी असते म्हणून."

"पंधरा मिनिटं!" पहिल्याच दिवशी ते कठड्यावरून माझ्यावर ओरडले. "केतकी, एका बाजूला फक्त पंधरा मिनिटं देऊन राहिले हे! आमच्याकडे तेवढ्यात वकिलाचा घसा खाकरून होत नाही!"

त्यांचं आश्चर्य मला समजत होतं. अमरावतीत ते बांधावरच्या भिंतीचा एक दावा लढवत होते. तो त्यांच्या वडिलांनी दाखल केला होता आणि काका निवृत्त झाले तेव्हा नुकता साक्षीपुराव्याला आला होता. अशा माणसानं एका वकिलाची पंधरा मिनिटं आणि दुसऱ्याची पंधरा मिनिटं ऐकली आणि मामला संपला म्हटल्यावर त्याला तीर्थयात्रा घडल्यासारखं वाटणारच. तिकडे साधं दिवाणी भांडणसुद्धा ज्युरीपुढे चालू शकतं आणि पारडं केसभर झुकलं तरी निकाल लागतो, हे कळल्यावर तर ते दोन दिवस कमी जेवले.

पण त्यांचा खरा जीव जडला तो अपिलावर. "खाली साक्षी, पुरावे, रडारड," ते सांगत. "वर फक्त डोकं. वर साक्षीदार नाही, नवा कागद नाही. खालच्या न्यायाधीशानं माणसं डोळ्यांनी पाहिलेली असतात, म्हणून काय घडलं ते त्याचंच खरं धरायचं. वरच्यानं एवढंच बघायचं, की कायदा चुकला का."

आणि मग त्यांचं आवडतं वाक्य यायचं, डोळे मिटून: "ते खाली मांडलं होतं का?"

हे वाक्य त्यांनी कुणाकुणाला ऐकवलं नाही! इरा तक्रार घेऊन यायची, "आजोबा, ममा टुक माय टॅबलेट." काका विचारायचे, "हिसकावला तेव्हा आक्षेप घेतला होता?" इरा म्हणायची, "नो, आय वॉज क्रायिंग." काका म्हणायचे, "रडणं म्हणजे आक्षेप नव्हे. आक्षेप त्याच क्षणी, स्पष्ट शब्दांत. गप्प राहिलात तर हक्क सोडलात." पोरीनं दोनच दिवसांत धडा घेतला. मेघनानं भाजी वाढली की ती खणखणीत आवाजात "ऑब्जेक्शन!" म्हणायची, आणि मग शांतपणे भाजी खायची. रेकॉर्ड तयार झालेलं असे.

या कडक नियमाला एक पळवाट होती. खाली कुणी ब्रही काढला नसेल, पण चूक इतकी ढळढळीत असेल की तशीच राहू दिली तर न्यायाचीच मान खाली जाईल, तर वरचं कोर्ट ती आपणहून हातात घेऊ शकतं. ‘प्लेन एरर.’ दिवाणी दाव्यात तर फारच क्वचित, असं काका बजावून सांगत. इरानं फक्त पहिला भाग ऐकला. झोपायची वेळ झाली, प्लेन एरर. गणित, प्लेन एरर. काकांनी तिचा प्रत्येक अर्ज फेटाळला.

माझा खटला मे महिन्यातला. त्या वर्षी आयर्लंडमध्ये कधी नव्हे ते ऊन पडलं आणि माझ्यातली गृहिणी जागी झाली. मी बाल्कनीच्या कठड्यावर कापड पसरून मिरची घातलेले सांडगे वाळत टाकले. वारा आला, कापड उलटलं, सांडगे खाली, तळमजल्यावरच्या डेक्लनच्या अंगणापाशी पडले आणि डेक्लनच्या कुत्र्यानं ते खाल्ले. मग कुत्रा अंगणात गोल गोल पळत सुटला. त्याची पाण्याची बादली संपली, पाठोपाठ फुलझाडांची झारीही.

डेक्लन म्हणाला, हिनं निदान माझ्या कुत्र्याची माफी मागावी. मी म्हणाले, कुत्र्यानं माझ्या सांडग्यांची मागावी. काकांनी बाल्कनीतून जाहीर केलं, "खाली चालवा."

मग मेघना न्यायाधीश झाली. समोरच्या बाल्कन्यांतले तीन शेजारी ज्युरीत बसले. एरवी त्या दिवसांत करायला दुसरं होतं काय? डेक्लननं कुत्र्यालाच साक्षीला उभं केलं. मी उलटतपासणी घेतली, त्यानं शेपूट हलवली, आणि ज्युरी विरघळली. मी हरले.

अपिलाच्या दिवशी काका कोट घालून बसले. इरा हातात सायकलचा मागचा लाल दिवा घेऊन उभी. वेळ संपली की तो लावायचा, ही अमेरिकेची पद्धत. मला पाच मिनिटं मिळाली.

"काका, माझ्याकडे फोटो आहे! सांडगे कुंपणाच्या बाहेर पडले होते. त्यांचं फाटक उघडं होतं म्हणून कुत्रा बाहेर येऊन—"

"ते खाली मांडलं होतं का?"

"तेव्हा फोन चार्जिंगला होता!"

काकांनी डोळे मिटले. "मग तो फोटो या कोर्टाला दिसत नाही."

"अहो, डोळे उघडा की!"

"अपिलात नवा पुरावा नाही, केतकीबाई. पुढे."

मी हुकमाचा पत्ता काढला. निकालाआधी ज्युरीनं डेक्लनची बिस्किटं खाल्ली होती आणि न्यायाधीश मेघनानं त्याबरोबर चहा पाठवला होता. काका ताठ बसले. खाली मी आक्षेप घेतला होता का? घेतला होता! कायद्याची चूक होती का? होती. माझ्या छातीत विजयाचा नगारा वाजायला लागला आणि इरानं लाल दिवा लावला.

"चूक झाली, हे कोर्ट मान्य करतं," काका म्हणाले. "पण ती निरुपद्रवी चूक आहे. बिस्किटं नसती तरी तुम्ही हरलाच असता. खालचा निकाल कायम."

मी खाली जाऊन कुत्र्याची माफी मागितली. डेक्लन म्हणाला, "अह, ही'ज ग्रँड, लव्ह," म्हणजे तो अगदी मजेत आहे, आणि त्या संध्याकाळपासून तो काकांना लांबून ‘युअर ऑनर’ म्हणून हाक मारायला लागला. काका एवढे खूश झाले की त्यांनी मला कैरीचं लोणचं पाठवलं. सोबत निरोप होता, की ही लाच समजू नये, निकालानंतर दिलेली आहे.

दीड वर्ष असं गेलं. २०२१ च्या उत्तरार्धात विमानं पुन्हा धड उडायला लागली आणि मेघनानं त्यांचं तिकीट काढलं. त्याच सुमाराला तिचं इथे घर विकत घेण्याचं पक्कं झालं. आधी ठरलं होतं पाचच वर्षं राहायचं. पाच वर्षांनी अमरावती नाही तरी निदान नागपूर, असा तिनं निघताना शब्द दिला होता. मग काका इकडे येण्याच्या आधी एकदा तिनं त्यांना फोनवर सांगितलं, की आम्ही इथेच राहतोय.

हे मला काकांनीच सांगितलं, लुआस ट्रामच्या थांब्याजवळच्या बाकावर. इरा आमच्याभोवती सायकल फिरवत होती. ती मराठीत उत्तर देत नसे, म्हणून मोठ्यांचं आपसातलं मराठी तिला ऐकूही येत नाही, असं आम्ही सगळेच मोठे धरून चालायचो.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हटलं, छान." काका ट्रामकडे बघत होते. "रेकॉर्डवर ‘छान’ आहे, केतकी. आता अपील कशावर करू?"

त्यांच्याकडे बघून मला माझ्या बाबांची आठवण आली. मी निघाले तेव्हा तेही ‘छान’ म्हणाले होते.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात आली. काकांच्या अंगात काळा कोट. डेक्लन कुत्रा घेऊन उभा. मेघना बॅगांची वजनं, औषधं, पासपोर्ट यांतच बोलत होती, कारण दुसरं काही बोलली असती तर रडली असती.

"बाबा, पोचलात की फोन. जेवणाचा डबा लावलाय, वेळेवर जेवा. सगळं ठीक आहे ना?"

"छान," काका म्हणाले.

तेव्हा इरा पुढे झाली. हातात तो लाल दिवा.

"आजोबा, प्लेन एरर."

"काय?"

"यू सेड छान. टू ममा. ऑन द फोन." तिनं दिवा छातीशी धरला. "नोबडी ऑब्जेक्टेड. बट इट्स प्लेन एरर, आजोबा. इट इज."

मेघना कधी इराकडे बघे, कधी वडिलांकडे. इराच्या असल्या प्रत्येक अर्जाला काकांकडे एकच उत्तर असे, आणि ते आता येईल म्हणून मी वाट बघत होते.

"मंजूर," काका म्हणाले.

मग ते लेकीकडे वळले, आणि दीड वर्ष आमच्यापुढे चालवलेली कोर्टाची भाषा पार गळून पडली. "मले नव्हतं आवडलं, पोरी. तू इथंच राहतो म्हनलीस तवा. घर खायला उठते मले. तुझी आई नाही, अन् तूबी नाही. मी फोन ठेवला अन् तसाच बसून राहिलो."

"बाबा, मग बोलला का नाहीत हो? मी... आम्ही अजूनही..."

"नाही, नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "निकाल फिरवू नोको. निकाल बरोबर हाय तुझा. घर घे, सुखानं राह्य. फक्त रेकॉर्डवर घे."

मेघना त्यांच्या काळ्या कोटाला बिलगून रडायला लागली. टॅक्सीवाल्यानं घड्याळ बघितलं आणि हलकेच हॉर्न दिला. वेळ संपली होती, आणि वेळ संपली की काय करायचं हे इराला आजोबांनीच शिकवलं होतं.

तिनं लाल दिवा पाठीमागे लपवला.